गंगनहरीवरच्या विटांच्या पुलांना मालक हवा

पुलाच्या तोंडाशी गंजलेली पाटी असते: ‘पुल क्षतिग्रस्त है, भारी वाहन वर्जित’. तिच्या शेजारूनच उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली जाते, मागून विटांचा डंपर, त्यामागे शाळेची बस. पश्चिम उत्तर प्रदेशात गंगनहरीच्या, म्हणजे हरिद्वारहून निघणाऱ्या गंगेच्या कालव्याच्या, काठाकाठाने जाणाऱ्याला हे नवं नाही. पाटी लावली की खात्याचं काम संपतं. उद्या काही झालंच तर ‘आम्ही मनाई केली होती’ म्हणायला कागद तयार असतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं: कालव्याबरोबरच बांधलेले हे जुने पूल पाडू नयेत, आणि त्यांच्यावरून डंपरही जाऊ देऊ नयेत. दोन्ही एकाच वेळी जमण्यासारखं आहे. पण त्याआधी पूल नक्की कुणाचा हे ठरवावं लागेल, आणि गाडं तिथेच अडलं आहे.

नहर समजल्याशिवाय पूल समजत नाहीत. 1837-38 मध्ये गंगा-यमुनेच्या दोआबात, म्हणजे या दोन नद्यांमधल्या पट्ट्यात, दुष्काळ पडला आणि आठ लाखांच्या आसपास माणसं गेली, असा अंदाज सांगितला जातो. कंपनी सरकारचा महसूलही बुडाला, आणि कालव्याच्या कल्पनेला बळ मिळालं ते माणसांपेक्षा या बुडालेल्या महसुलामुळे, असं मला वाटतं. काम आलं प्रोबी कॉटली या बंगाल तोफखान्यातल्या अधिकाऱ्याकडे. एप्रिल 1842 मध्ये खोदाई सुरू झाली आणि 8 एप्रिल 1854 ला पाणी सोडलं गेलं. मुख्य कालवाच साडेपाचशे किलोमीटरच्या वर, शाखा आणि पाट वेगळे.

यातला सगळ्यात अवघड भाग हरिद्वार ते रुडकी हा पहिला टप्पा. शिवालिकच्या डोंगरातून पावसाळ्यात दणादण उतरणारे ओढे कालव्याला आडवे येतात. राणीपूर आणि पथरी हे दोन ओढे कालव्याच्या डोक्यावरून नेले आहेत. धनौरीला रतमऊ नदी कालव्याच्या पातळीवरच त्याला भेटते आणि दरवाजांनी तिला पलीकडे काढून देतात. रुडकीजवळ सोलानी नदी खालून जाते आणि कालवा तिच्यावरून, पन्नास-पन्नास फुटांच्या पंधरा कमानींवरून. नदी वर, नदी बरोबरीने, नदी खाली, असे तिन्ही प्रकार वीसेक मैलांत बघायला मिळतात. स्थापत्याच्या विद्यार्थ्यांची सहल काढायची तर मी तरी दुसरीकडे नेणार नाही.

दोआबाच्या गाळाच्या जमिनीत दगड मिळत नाही. सह्याद्रीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे पटकन ध्यानात येत नाही. आपल्याकडे जुना पूल म्हणजे काळा दगड. तिथे भट्ट्या लावून, विटा भाजून, चुना मळून सगळं उभं करावं लागलं. सोलानीच्या कामासाठी माती वाहायला डिसेंबर 1851 मध्ये वाफेचं इंजिन रुळांवर धावलं, आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या सव्वा वर्ष आधी. प्रवासी गाडीचा मान ठाण्याचाच, त्याला धक्का नाही. पण मातीचे डबे ओढणारं इंजिन रुडकीचं. कालव्याला माणसं लागणार म्हणून 1847 मध्ये जे अभियांत्रिकी कॉलेज तिथे निघालं, तेच आजचं आयआयटी रुडकी.

आणि तरीही कॉटलीचं गणित चुकलं होतं. गोदावरीवर काम केलेल्या आर्थर कॉटनने 1860 च्या दशकात त्याच्यावर जाहीर टीका केली. कॉटनचे सगळेच आक्षेप टिकले नाहीत, पण उताराबद्दलचा आक्षेप खरा ठरला. कालव्याला उतार जास्त दिला गेला होता. पाणी जोराने धावून तळ खरवडू लागलं, उतार तोडायला कालव्यात बांधलेल्या पायऱ्यांच्या, म्हणजे कृत्रिम धबधब्यांच्या, आणि पुलांच्या पायापर्यंत पोचलं. मग तळ आणि धबधबे दुरुस्त करावे लागले. इंग्रजांनी बांधलं ते भक्कमच, असं कौतुकाने सांगणाऱ्यांनी हा तपशील लक्षात ठेवावा. हे पूल उघडल्यावर काही वर्षांतच धोक्यात आले होते, आणि नंतरची दीडशे वर्षं ते उभे राहिले कारण त्यांची डागडुजी करणं हे कुणाच्या तरी नोकरीचं काम होतं.

आता पुलाकडे जवळून बघू. विटेला दाब सोसतो, ताण सोसत नाही. कमानीत विटेवर फक्त दाबच यावा अशी रचना असते. वरचं ओझं कमानीच्या वळणाने दोन्ही बाजूंच्या पायांत उतरतं. कमानीच्या पाठीवर माती-मुरुमाचा भराव असतो, त्याला दोन बाजूंनी भिंती धरून ठेवतात आणि त्यावर रस्ता. भराव फुकट टाकलेला नाही. चाकाखालचं ओझं एका जागी न टोचता पसरून कमानीवर यावं, हे त्याचं काम. सांध्यात चुना आणि सुरखी, म्हणजे भाजक्या विटेची भुकटी. हा मसाला सिमेंटच्या मानाने मऊ असतो. ऊन, थंडी, पाया जरासा खचणं, हे सगळं तो थोडंथोडं सरकून पचवतो.

असा पूल सहसा वयाने मरत नाही, पाण्याने मरतो. रस्त्यावरचं पाणी बाहेर काढणारी नळी बुजते, पाणी भरावात मुरतं, भिजलेला भराव फुगून बाजूच्या भिंतीला बाहेर ढकलतो. भिंतीला पोट येतं. कमानीची कड आणि भिंत यांच्यामध्ये एक बारीक भेग धावू लागते. कमानीच्या पोटाला पांढरा लोणा धरतो. बोट फिरवलं तर विटेची पूड हाताला लागते. कठड्याच्या खाचेत पिंपळ रुजतो, त्याला कुणी हात लावत नाही, कारण तो पिंपळ आहे. मग कधीतरी ‘दुरुस्ती’ होते: चुन्याचे सांधे खरवडून वरून सिमेंटचा लेप. लेप कडक असतो, आतलं पाणी बाहेर पडू देत नाही, आणि दोन-चार हिवाळ्यांत विटांचे तोंडावरचे पापुद्रे सुटायला लागतात. वर रस्ता करणारा कंत्राटदार आधीचं डांबर न उखडता नवा थर चढवतो. पुलावरचं ओझं वाढतं आणि कठडा गुडघ्याएवढा उरतो. इतका बुटका कठडा ट्रॅक्टरच्या धक्क्याने सहज कोसळतो, आणि लोक म्हणतात पूल जुना झाला.

हे सगळं होत असताना वरून जाणारं ओझं काय होतं? बांधला तेव्हा बैलगाड्या, फार तर हत्ती आणि तोफा. आज? तीन आसांच्या ट्रकला भरल्या वजनासह 25 टनांची मुभा होती ती 2018 मध्ये केंद्र सरकारने 28.5 टनांवर नेली. हा निर्णय वाहतुकीचा खर्च कमी करायला घेतला. देशातल्या जुन्या पुलांना कुणी विचारलं नव्हतं. शिवाय ही झाली कागदावरची मुभा. उसाच्या ट्रॉलीचं वजन कागदावर नसतंच, हे कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला मुझफ्फरनगरवाल्याने सांगायला नको.

कमानीला गर्दीपेक्षा चाक जास्त टोचतं. उत्तरेतल्या श्रावणात, जो आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, लाखो कावडिये हरिद्वारहून गंगाजल घेऊन याच नहरीच्या काठाने चालत येतात. पूल माणसांनी गच्च भरतात. पण ते ओझं सगळ्या पुलावर सारखं पसरलेलं असतं आणि चांगल्या कमानीला ते मानवतं. एका आसावर दहा-अकरा टन घेऊन खड्ड्यात आदळणारं चाक वेगळं. म्हणूनच ‘पूल जुना, सगळ्यांनाच बंद’ हाही आळशी निर्णय असतो. पायी, सायकल, मोटारसायकल, रिक्षा यांना तो पूल अजून पुष्कळ वर्षं पुरेल.

इथे कुणीही मराठी माणूस सावित्री नदीवरच्या पुलाचं नाव काढेल, आणि काढायलाच हवं. महाडजवळचा 1928 चा दगडी कमानींचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला. दोन एसटी बस आणि एक मोटार त्याच्याबरोबर गेली. शेजारी नवा पूल होता. तरी मुंबई-गोवा महामार्गाची एका बाजूची वाहतूक जुन्यावरूनच चालू होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तपासणी होऊन पूल सुरक्षित ठरवला गेला होता, असं तेव्हा सांगण्यात आलं. मग जुने पूल राखा म्हणणं बेजबाबदारपणाचं नाही का?

हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. पण त्या घटनेतून निघतं काय, ते नीट बघायला हवं. नवा पूल शेजारी असूनही महामार्गाचं ओझं जुन्यावरून हटवलं नव्हतं, ही एक गोष्ट. दुसरी, पुरातल्या नदीत कमानीचे पाय पाण्याखाली काय अवस्थेत आहेत हे वरून डोळ्यांनी बघून कळत नाही. गंगनहरीची गोष्ट इथे वेगळी आहे. कालव्याचं पाणी माणसाच्या हातात आहे. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास हरिद्वारहून पाणी तोडतात आणि दिवाळीच्या सुमारास परत सोडतात. गाळ काढायचा, दुरुस्त्या करायच्या म्हणून. त्या दिवसांत हर की पौडीच्या कोरड्या पात्रात माणसं नाणी शोधत फिरतात, वर्तमानपत्रं त्यांचे फोटो छापतात. त्याच दिवसांत रुडकीपासून खाली प्रत्येक पुलाच्या कमानीखाली चालत जाऊन पायाला हातोडी लावता येते. नदीवरच्या पुलाला असलं भाग्य नसतं. दरसाल एवढे दिवस पाया उघडा मिळत असताना ‘अचानक खचला’ म्हणायला तोंड राहत नाही.

महाडचा नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. सरकारच्या मनात आलं तर काय होतं याचा दाखला म्हणून ते सांगितलं जातं, आणि ते खरंही आहे. फक्त मनात यायला आधी माणसं जावी लागली.

कालव्यांच्या बाबतीत आपलाही हिशेब फारसा चोख नाही. सप्टेंबर 2018 मध्ये पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा कालव्याची भिंत फुटली आणि वस्त्यांमध्ये पाणी घुसलं. कारण विचारल्यावर घुशी-उंदरांकडे बोट दाखवण्यात आलं. पुढच्या वर्षी तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकडे सापडले. एवढ्या प्राण्यांची ज्याला दखल घेता येते त्या खात्याला देखभालीच्या नोंदवहीची दखल का घेता येत नसावी, हा प्रश्न तेव्हाही होता.

आता मालकीकडे येतो. कालवा सिंचन खात्याचा. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, कुठे जिल्हा पंचायतीचा, कुठे महामार्गवाल्यांचा. कमान कुणाची? सिंचन खातं म्हणतं, आम्हाला पाणी न्यायचं असतं, वरून कोण जातं ते आम्ही मोजत नाही. रस्तेवाले म्हणतात, पूल कालव्याबरोबर आला, आमच्या यादीत नाही, आम्ही फक्त डांबर टाकतो. त्यात 2000 मध्ये उत्तराखंड वेगळं झालं. हरिद्वार जिल्हा तिकडे गेला, पण गंगनहरीचा ताबा उत्तर प्रदेशच्या सिंचन खात्याकडे राहिला. म्हणजे रुडकीत पुलावरचा माणूस एका राज्याच्या रस्त्यावर चालतो आणि त्याच्या पायाखालचा कालवा दुसरं राज्य चालवतं. पिंपळाचं रोप उपटायला दोन राज्यांचा पत्रव्यवहार लागावा अशी ही सोय आहे.

यावर अनेकांना सुचणारा उपाय म्हणजे पूल वारसा म्हणून जाहीर करून पुरातत्त्व खात्याकडे द्यावेत. मला तो पटत नाही. संरक्षित स्मारक झालं की भोवती 100 मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढे आणखी 200 मीटर परवानगीचा कारभार. सोलानीचा जलसेतू आणि त्याच्या तोंडाशी बसलेले ते सिंहांचे पुतळे यांच्यासाठी हे ठीक असेल. पण ज्या पुलाशेजारी नवा पूल बांधायची गरज आहे, त्याला हे संरक्षण म्हणजे गळफास. हे पूल वापरातल्या कालव्यावरचे वापरातले पूल आहेत. त्यांना संग्रहालयाचा दर्जा नको. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात दरवर्षी एक ओळ हवी.

गोऱ्या साहेबाच्या विटा कशाला जपायच्या, असंही विचारलं जातं. प्रश्न चुकीचा नाही. नहरीने दोआबात गहू, ऊस पिकवला, तशी कित्येक जमीन खारवून नापीकही केली. पाणी तुंबलं तिथे हिवतापही पसरला. हरिद्वारच्या पंड्यांनी गंगा अडवायला विरोध केला तेव्हा कॉटलीला बांधात मोकळी वाट ठेवावी लागली, घाट बांधून द्यावे लागले, कामाचा आरंभ गणेशपूजनाने करावा लागला. त्यानंतरही वाद संपला नाही आणि 1916 मध्ये मदनमोहन मालवीयांच्या पुढाकाराने सरकारला पुन्हा करार करावा लागला. म्हणजे ही नहर एकट्या साहेबाची कधीच नव्हती. विटा भाजल्या त्या इथल्याच हातांनी, दुष्काळातून वाचलेल्या मुलखातल्या माणसांनी. पण खरं सांगायचं तर माझा मुद्दा कृतज्ञतेचा नाहीच. धडधाकट कमान पाडून तिच्या जागी काँक्रीटचा स्लॅब टाकणं हे पैसे उधळणं आहे, एवढा साधा हिशेब आहे. पाडापाडीत आणि नव्या बांधणीत कंत्राट मोठं, उद्घाटन होतं, कोनशिला बसते. पिंपळ काढणं, नळ्या मोकळ्या करणं, डांबराचे जुने थर उतरवणं, सांधे चुन्याने भरणं याची कोनशिला कुणी बसवत नाही. शिवाय चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधावा लागतो, आणि तो मिळाला तरी त्याचा दर अंदाजपत्रकात बसवताना कनिष्ठ अभियंत्याला घाम फुटतो. सिमेंटचा दर तयार असतो, म्हणून सिमेंट.

मग करायचं काय? मालक एकच हवा, आणि तो सिंचन खातं असावं असं माझं मत आहे, कारण पाणी बंद करण्याची किल्ली त्यांच्याकडे आहे आणि कमानीखाली उतरायची संधी त्यांनाच मिळते. रस्तेवाल्यांनी खर्चाचा वाटा द्यावा. प्रत्येक पुलाला क्रमांक, जबाबदार अभियंत्याचं नाव, दरवर्षी पाणी तोडल्यावर झालेल्या तपासणीची तारीख आणि निष्कर्ष, हे सगळं पुलावरच लिहिलेलं असावं. जड वाहनांना बंदी असेल तर पाटीऐवजी लोखंडी चौकट उभारावी, जिच्यातून मोटार आणि रुग्णवाहिका जाईल, डंपर जाणार नाही. अशा चौकटी रात्रीतून कापल्या जातात हे मी जाणून आहे. कापणाऱ्याचा ट्रक मात्र गावात सगळ्यांना ठाऊक असतो.

सगळ्यात खरी अडचण शेतकऱ्याची आहे. त्याचं शेत एका काठाला, कारखाना दुसऱ्या काठाला. जुना पूल बंद केला तर ट्रॉलीला पुढच्या मजबूत पुलापर्यंत वळसा पडतो. डिझेल त्याचं जातं, कारखान्यात ऊस घालायची पाळी चुकते, ऊस वाळून वजन घटतं. वारशाच्या गप्पा मारणारा शहरी माणूस या खर्चाबद्दल गप्प बसतो, म्हणून गावकरी त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. पण उत्तर प्रदेशात प्रत्येक शेतकरी कारखान्याच्या दारापर्यंत ऊस नेत नाही. कारखान्यांची गावोगाव क्रय केंद्रं असतात. तिथे काटा होतो आणि पुढची वाहतूक कारखाना ट्रकने करतो. पूल बंद करायच्या काठावरच केंद्र उघडलं, तर वळशाचा खर्च शेतकऱ्याच्या डोक्यावरून उतरून कारखान्याच्या ट्रकवर जातो, आणि तो ट्रक मोठ्या पुलावरून जाऊ शकतो. कुठल्या गावचा ऊस कुठल्या कारखान्याला आणि केंद्र कुठे, याचा आदेश दरवर्षी गळीत हंगामाआधी ऊस आयुक्तांच्या कार्यालयातून निघतो. जड वाहनांना बंद असलेल्या पुलांची यादी सिंचन खात्याने त्याच टेबलावर वेळेत पाठवली, तर एकही नवा पूल न बांधता निम्मा प्रश्न त्या आदेशातच सुटेल.